मावशींची छोटी, सुहासची मोठी

माझ्या मित्राच्या आईइतक्या अभिमानाने गाडी उभी करणारं माणूस उभ्या दिल्लीत दुसरं नाही, आणि हे मी नोएडा, गुडगाव, गाझियाबाद सगळं धरून सांगतो. गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, मिरवणारे त्याहून जास्त. पण दोन गाड्यांमधल्या फटीत आपली गाडी अलगद घालायची, इंजिन बंद करून खाली उतरायचं, चार पावलं मागे जायचं आणि रांगोळी पुरी झाल्यावर बाई जशी मान तिरकी करून बघते तशी आपल्या गाडीकडे बघायचं, हे करणाऱ्या त्या एकट्याच. बघून झालं की म्हणतात, "बसली बघ." ऐकायला कोणी असो नसो.

मी त्यांना मावशी म्हणतो. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती घरातल्या. नर्सिंगचं शिक्षण संपवून दिल्लीला नोकरीला आल्या आणि एका मोठ्या सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास कॉलेजात माझ्या वर्गात होता. मी तेव्हा मुनिरक्याला एका खोलीत राहायचो. खोली एवढी लहान की पाहुणा आला तर मला दाराबाहेर उभं राहून गप्पा माराव्या लागत. दर रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की मावशी मला त्यांच्या क्वार्टरवर जेवायला बोलवायच्या. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना सुहासचे वडील अचानक गेले. त्यानंतरच्या रविवारीही त्यांनी मला निरोप पाठवला, "ये, दोघांचा स्वयंपाक मला करता येत नाही." तेव्हापासून मी त्या घरचाच.

साठाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. शिकवणारे त्यागीजी पहिल्या दिवशी म्हणाले, "आंटीजी, डरना नहीं." मावशी डरल्या नाहीत. डरले त्यागीजी, कारण तिसऱ्या दिवशी मावशींनी क्लच सोडता सोडता त्यांच्या गालातल्या खैनीची चौकशी सुरू केली आणि आठवड्याच्या आत त्यांना तोंड तपासायला नेऊन बसवलं. मावशींना लायसन्स मिळालं आणि त्यागीजींची खैनी सुटली, दोन्ही एकाच महिन्यात. मग गाडी घ्यायची वेळ आली. मावशींची उंची पाच फुटांना जेमतेम इंचभर कमी. शोरूममधल्या मुलीने बघताक्षणी त्यांना सर्वांत बुटक्या गाडीकडे नेलं, "आंटीजी, आपके लिए ये परफेक्ट है." मावशी म्हणाल्या, "बेटा, चौंतीस साल सर्जन लोगों को संभाला है. मेरे लिए क्या परफेक्ट है, वो मैं बताऊँगी." आणि कोपऱ्यातल्या छोट्या एसयूव्हीकडे त्यांनी बोट दाखवलं. परवडणारी, आखूड, पण उंच. आयुष्यभर लोकांच्या खांद्यांच्या मधून बघितलं, आता जरा वरून बघू, हे त्यांचं कारण. सीटवर एक उशी ठेवली, तिचा अभ्रा इस्पितळातल्या पलंगावरच्या चादरीसारखा ताणून बसवला, आणि गाडी घरी आली. त्या दिवसापासून तिचं नाव ‘आमची’.

‘आमची’ची देखभाल म्हणजे वॉर्डातला राउंड होता. रोज सकाळी सातला चारी टायरांवर हात फिरवायचा, हवा मोजायची आणि आकडे तारखेनिशी एका तक्त्यात लिहायचे. हवेच्या पंपावरचा माणूस वैतागला की त्याला विचारायच्या, "तुम्हारा बीपी कोई अंदाज़ से नापे तो चलेगा?" गॅरेजात गेल्यावर काय बिघडलंय ते कधी सांगायच्या नाहीत, फक्त लक्षणं सांगायच्या. सकाळी थंडीत खोकते, चढावर धाप लागते, डावीकडे कण्हते. निदान मिस्त्रीने करायचं. रस्त्यावरही त्यांचा वॉर्ड चालूच. एकदा आयटीओच्या सिग्नलला एका आडदांड गृहस्थांच्या गाडीचा आणि ‘आमची’चा आरसा एकमेकांना लागला. ते बाह्या सरसावत खाली उतरले. दिल्लीत यापुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मावशींनी काच खाली केली, त्यांच्या लालबुंद चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बीपी की गोली ली आज?" ते गृहस्थ थबकले. मग हळूच म्हणाले, "नहीं जी, खत्म हो गई है." पुढची पाच मिनिटं मावशी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांची नाडी बघत होत्या आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. मी शेजारच्या सीटवर बसून हे बघितलं आहे.

मग सुहासने त्याची गाडी घेतली. सुहास गुडगावला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर पोचला होता आणि हुद्द्याला शोभेल अशी ती गाडी होती. लांबीला ‘आमची’च्या दीडपट, रुंदीला माझ्या मुनिरक्याच्या खोलीएवढी. दार उघडलं की पायाखाली पायरी आपोआप बाहेर यायची. नदीतून जाते, डोंगर चढते, असं तिच्याबद्दल सांगत. वाळू, चिखल, बर्फ, खडक, प्रत्येकासाठी वेगळा मोड. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुहास, सोसायटीतल्या स्पीडब्रेकरचा मोड कुठला रे?" पहिल्या दिवसापासून त्या तिला ‘ती’ म्हणायच्या, एखाद्या श्रीमंत घरातून आलेल्या सुनेबद्दल बोलावं तशा. "ती काय म्हणते? ती बाहेर पडते का कधी?" ती फारशी पडत नसे. सुहास मेट्रोने ऑफिसला जाई, कारण ऑफिसच्या तळघरात ती वळत नसे.

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर मावशींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सत्तरी ओलांडलेली. ऑपरेशन उत्तम झालं, पण सुहासच्या मनाने घेतलं. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "आई, आता बस झालं. तुझी गाडी विकून टाकू. माझी गाडी आणि ड्रायव्हर, दोन्ही तुझ्या दारात उभे करतो. राणीसारखी फिर." मावशींचा घास हातातच राहिला. मी त्यांना इतकं गप्प एकदाच पाहिलं होतं, वीस-बावीस वर्षांपूर्वी, सुहासचे वडील गेले तेव्हा. घास ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण आधी तुलना होऊ दे. रोग्याला न तपासता डिस्चार्ज देत नाहीत." आणि माझ्याकडे वळून, "तू सरकारी माणूस. आयुष्यभर फायलींवर शेरे मारतोस. तू परीक्षक. ‘आमची’ हरली तर चावी त्याच्या हातात देईन."

दर संक्रांतीला मावशी पानिपतजवळच्या काला अंबला जातात. तिथे पानिपतच्या लढाईचं स्मारक आहे आणि त्या दिवशी महाराष्ट्रातून बस भरभरून माणसं येतात. "आपल्याकडची माणसं इतक्या लांब येतात, त्यांना तिळगूळ द्यायला आपण नको का?" हा त्यांचा हिशेब. त्या वर्षी दोन्ही गाड्या तिथवर जाणार आणि परत येणार असं ठरलं. जाताना मी मोठीत बसायचं, येताना छोटीत, आणि वहीत मार्क लिहायचे.

खरं सांगतो, जातानाच निकाल लागला होता. मोठीत बसल्यावर बाहेरचा आवाज नाही, धक्का नाही, सीट आतून गरम होते. मी परीक्षक असूनही सोनिपतच्या आधी झोपलो. जाग आली तेव्हा मागच्या काचेतून मावशी दिसल्या, डाव्या लेनमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, उशीवर ताठ बसलेल्या. मला अपराध्यासारखं वाटलं. सुहास आरशात बघत म्हणाला, "बघ ना यार, कशी बसलीये. मला भीती वाटते रे, बाकी काही नाही." मी वहीत काही लिहिलं नाही.

काला अंबला ही गर्दी. मावशींनी एक बस आणि पाण्याचा टँकर यांच्या मधल्या जागेत ‘आमची’ घातली, उतरल्या, मान तिरकी केली. सुहासच्या मोठीला मात्र पोलिसाने हात करून लांबच्या एका रिकाम्या शेतात पाठवलं. दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता. मोठी गाडी चिखलातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. सुहास तिच्यावर उडालेल्या शिंतोड्यांकडे बघून हळहळला, एवढंच.

दर्शन झालं, भाषणं झाली, तिळगूळ वाटून झाला. मावशी आम्हाला शोधत शेतापाशी आल्या, तेव्हा तिथे एक मिनीबस मागच्या चाकांवर पार रुतून बसली होती. सांगलीकडच्या म्हाताऱ्या माणसांचा गट होता. सगळे उतरून बांधावर उभे, पायातल्या चपला हातात. त्यांची संध्याकाळची आगगाडी दिल्लीहून सुटणार होती. ट्रॅक्टर आणायला गेलेला माणूस तासाभरात आला नव्हता. एक आजी मावशींना म्हणाल्या, "गाडी चुकली तर कुठं जायचं ओ? ह्यांची औषधं बी संपत आल्यात." मावशींनी त्या आजोबांची नाडी बघितली, बसकडे बघितलं आणि मग सुहासच्या गाडीकडे.

"सुहास, दोर लाव."

"आई, ही गाडी असल्या कामाची नाहीये."

"जाहिरातीत तर हेच काम करते की ती!"

"अगं, काही वाकलं, तुटलं तर? मी कधी केलं नाहीये हे."

"मग चावी दे. मीही केलेलं नाही, पण मला भीती नाही वाटत."

सुहासने माझ्याकडे बघितलं. मी बांधावरच्या आजींकडे बघितलं. त्याने चावी दिली. पायरी आपोआप बाहेर आली, मावशी चढून बसल्या आणि आतून आवाज आला, "क्लच कुठाय?"

"क्लच नसतो हिला. डाव्या पायाला काही काम नाही."

"बरं. सुट्टी दे त्याला."

सुहास शेजारी बसला. चिखलाचा मोड त्याने स्वतःच पहिल्यांदा शोधला, तीनदा चुकून. बसवाल्याने दोर बांधला. गाडी गुरगुरली, दोर ताणला, बस हलली आणि परत बसली. सुहास ओरडला, "जोरात, आई!" मावशी म्हणाल्या, "जोरात नाही. बाळंतपण आहे हे. ओढायचं नसतं, येऊ द्यायचं असतं." आणि त्यांनी इतकं हळू, इतकं धीराने दाबलं की मोठीची चारी चाकं एकेक करून जमीन शोधत असल्यासारखी फिरली. आधी काहीच झालं नाही. मग चिखलाने एक लांब उसासा सोडला आणि मिनीबस बाहेर आली. बांधावरून ‘हर हर महादेव’चा असा गजर झाला की स्मारकाजवळचे लोक पळत आले. मावशी खाली उतरल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्मा नाकाच्या टोकावर. त्या आजी त्यांचा हात धरून म्हणाल्या, "काय गाडी आहे ओ तुमची!" आणि ज्या गाडीला त्यांनी वर्षभर नावं ठेवली होती, तिच्या बॉनेटवर हात ठेवून मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या मुलाची आहे! स्वतःच्या कमाईतून घेतलीये त्याने!" सुहास बारा वर्षांच्या पोरासारखा लाजला. मग त्यालाही राहवलं नाही. जमलेल्या लोकांना तो हिंदीत, मराठीत, जो भेटेल त्याला सांगत सुटला, "मेरी मदर हैं. इकहत्तर की हैं. पहली बार चलाई!"

परतताना मी ठरल्याप्रमाणे ‘आमची’त बसलो. तिचा प्रत्येक खड्डा माझ्या पाठीला कळत होता. मुरथलच्या ढाब्यावर पराठ्यांची वाट बघताना मावशींनी वही मागितली. कोरी पानं बघून म्हणाल्या, "असला परीक्षक! लिही. ती, दहापैकी दहा."

"आणि ‘आमची’?"

"तिला मार्क नको देऊस. तिला मी ओळखते." मग पर्समधून चावी काढून त्यांनी सुहासपुढे ठेवली. "ठरलं होतं ना? हरली ‘आमची’."

सुहासने चावी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "तू चालव, आई. मी आता काही बोलणार नाही. फक्त पोचलीस की फोन कर." पराठ्यावरचं पांढरं लोणी मावशींनी बोटाने सारखं केलं आणि त्याच्या ताटात सरकवलं.

त्यानंतर दीड वर्ष त्या दिल्लीभर हिंडल्या. आमच्या ऑफिसच्या गेटवर मला घ्यायलाही आल्या आणि सुरक्षा रक्षकाच्या पायाची सूज बघून त्याला मीठ कमी करायला सांगून गेल्या. मग एका संध्याकाळी चर्चहून येताना त्यांना समोरचा सायकलवाला जरा उशिरा दिसला. काही झालं नाही, त्या सायकलवाल्याला कळलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुहासला बोलावून ड्यूटी संपल्यावर नर्स देते तसा चार्ज दिला. कागदपत्रं, विमा, सुटं चाक, कुठला दरवाजा जरा जोराने लावावा लागतो ते. हे मला सुहासने फोनवर सांगितलं.

आता रविवारी तोच त्यांना चर्चला नेतो. मोठी घरी ठेवून, ‘आमची’तून. मागच्या महिन्यात रिजच्या जंगलालगतच्या रस्त्यावर सिग्नलला मी रिक्षात होतो आणि ती दोघं माझ्या शेजारीच येऊन थांबली. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. सुहास चालवत होता, मावशी डावीकडे बसल्या होत्या. सिग्नल सुटला, त्यांच्यापुढची एक रिक्षा मध्येच अडली आणि सुहासने वेळेवर गाडी थांबवली. मला उघड्या काचेतून दिसलं, त्याच क्षणी मावशींचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेवर, जणू ब्रेक तिथेच आहे असा, घट्ट दाबला गेला होता. मग त्यांनी तो हळूच सोडला, मुलाकडे बघितलं आणि समाधानाने मान डोलावली.