माझ्या हाताचं माप

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घराभोवती पुरुषभर उंचीची भिंत घातली तेव्हा मी हुरळून गेले होते. गावात अशी भिंत कुणाचीच नव्हती. तिचा गारा कालवायला लागणारं पाणी मीच वाहिलं, विहिरीवरून, दिवसाला तीस-तीस खेपा. माझ्यासारखी येडी मीच.

भिंत पुरी झाली त्या दिवशी मामंजी अमरावतीच्या बाजारातून नवा जरीचा फेटा बांधून आले. साता समुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. फेटा न उतरवताच ते म्हणाले, "आता आपल्या घरच्या बाया वावरात जानार नाईत."

मी विचारलं, "काहून?"

सुनेनं सासऱ्याला असं विचारायचं नसतं. त्यांनी उत्तर सासूला दिलं. "तिले सांगा, देशमुखाच्या बाया जातात का वावरात? लोक काय म्हनतीन?"

झालं. मी कुणब्याची लेक. चालायला लागले तेव्हापासून वावरात होते. कापूस वेचण्यात माझा हात धरणारी बाई आमच्या गावापासून बडनेऱ्यापर्यंत नव्हती, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आता मला स्वयंपाकघर, न्हाणी, अंगण आणि ती भिंत. लोकांना वाटायचं, काय सुखात आहे! मला सकाळी उठल्या उठल्या रडू यायचं. काम नव्हतं म्हणून नाही, भांडी घासून कंबर मोडायची. पण मान वर केली की वीट दिसायची.

दोन वर्षं अशी गेली. मग बडनेऱ्याकडे रेल्वेचं काम आलं आणि रुळांवरच्या एका मुकादमाला मामंजींनी भिंतीच्या आतल्या बाजूची खोली भाड्यानं दिली. त्याची बायको मद्रासकडची, किरिस्ताव, मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली. आम्ही तिला मुकादमीण म्हणायचो. ती दारात बसून दोन काड्यांवर सूत विणायची. हातमोजे, पण बोटं नसलेले. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत हात झाकायचा, पुढे बोटं मोकळी.

ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात एकच आलं. वेचणीचे हात! वाळलेल्या बोंडाची टोकं सुयांसारखी असतात. दोन दिवसांत पंजाची पाठ ओरखड्यांनी भरून जाते, त्यात पहाटेचं दव आणि थंडी. आणि हात झाकावा तर वेचणार कशानं? बोटं तर मोकळीच हवीत.

मी तिच्यापुढे जाऊन बसले. तिनं बांबूच्या दोन काड्या तासून दिल्या. मी सूत इतकं आवळून धरायची की टाका पुढे सरकायचाच नाही.

"ढीला छोडो," ती म्हणायची. "धागा भाग के कहाँ जायेगा?"

चौकोनी पट्टी विणायची, दुमडून कड शिवायची, अंगठ्यापुरती फट सोडायची. एवढंच. पण मला ते यायला महिना लागला. चांगला कापूस सगळा बाजाराच्या गाडीत जायचा, म्हणून डागी, किडका कापूस मी कातायला घ्यायची. मला आलं तसं मी धाकट्या जावेला शिकवलं. ती आधी माहेरच्या आठवणीनं रडत बसायची, मग टाके मोजत बसू लागली. पावसाळाभर आम्ही दोघींनी मिळून वीस जोड्या केल्या. त्या आमच्या वेचणाऱ्या बायांसाठी होत्या. एकविसावी जोडी माझी.

कारण मला वावरात जायचं होतं आणि वाट सापडली होती. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. घरच्या बाईनं वावरात जाऊन पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभाताचा निवद दाखवायचा, पहिली चार बोंडं तिनंच वेचायची. त्याआधी कापसाला कुणी हात लावत नाही. इतकी वर्षं हे आत्याबाई, माझ्या सासूबाई, करत. मागच्या साली झाकल्या गाडीतून गेल्या होत्या. यंदा त्यांचे गुडघे धरले होते. म्हणजे मोठ्या सुनेला न्यावंच लागणार. एक सकाळ. फक्त एक सकाळ मला माझं वावर मिळणार होतं. त्या आशेवर मी पावसाळा काढला.

वेचणीला पंधरा दिवस होते तेव्हा मावशी आली. मावशी नात्याची नव्हे. वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी, लग्न होऊन आले तेव्हापासून भिंत होईतो मी तिच्याशेजारच्या तासात, ओळीत, वेचलेलं. आमचे पंजे तंतोतंत सारखे. आम्ही कितीदा तरी हाताला हात लावून पाहिले होते. म्हणूनच मी सगळं माप माझ्या हातावर घेतलं होतं.

तिनं एक मोजा हातात चढवला. पुढे वेचणाऱ्या बाया त्याला हाताची बंडीच म्हणू लागल्या. ती अंगठ्याच्या गाठीशी अडली. दुसरी घेतली, तीही अडली.

"हात नाई शिरत व," ती म्हणाली. "कोनाच्या मापानं केलं हे?"

"माह्याच."

तिनं माझा पंजा धरून आपल्या पंजावर ठेवला. माझी बोटं तिच्या नखांपर्यंत पोचत होती, पण तळवा? तो तिच्या तळव्यात कुठल्या कुठे हरवला. घट्टे गेले होते. मांस गेलं होतं.

"तुमचा हात तं पार लेकराचा झाला, बाई," मावशी म्हणाली. आधी ती मला पोरी म्हणायची.

मला तिचा राग आला, स्वतःच्या हाताचा त्याहून जास्त. मी वीसच्या वीस जोड्या उसवल्या. मावशीनं आपल्या तळव्याभोवती दोरा गुंडाळून गाठ मारून दिली आणि त्या मापावर आम्ही दोघी जावांनी रात्रंदिवस बसून पुन्हा विणलं. बत्तीस टाक्यांचे चाळीस झाले.

सीतादहीच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी सांगितलं, "तुमचे मामंजी म्हनतात, पूजा इथंच करा. पऱ्हाटी आनतो घरी."

म्हणजे तीही सकाळ गेली. तरी मी डाव टाकला. "वावराच्या मातीवर उभं राहूनच पह्यलं बोंड तोडा लागते. नाई तं मग ती सीतादही कशाची?"

आत्याबाईंनाही ते पटलं. त्या आत जाऊन मामंजींशी बोलल्या आणि मी आशेवर जोडी उशाला घेऊन पडले.

सकाळी अंगणात मुळासकट उपटलेली पऱ्हाटी विटांच्या आधारानं उभी होती. तिच्याभोवती चार टोपल्या काळी माती पसरलेली. मामंजींनी गडी पाठवून वावरातूनच आणवली होती. दारात वेचणाऱ्या बाया बंड्या चढवून तयार होत्या. त्यांच्या हातात त्या नीट बसल्या होत्या.

मी अनवाणी त्या मातीवर उभी राहिले. दहीभात ठेवला. माझी जोडी माझ्या हातात अगदी बरोबर बसली. चार बोंडं वेचली. पाचव्याला हात लावला तर आत्याबाई म्हणाल्या, "झालं, झालं. पाय धुऊन घरात या."

बाया गेल्या. दार लागलं.

त्या दिवशी मी पाय धुतले नाहीत. स्वयंपाकघरात, माजघरात, देवापुढे, सगळीकडे माझी काळी पावलं उमटली. आत्याबाई ओरडल्या, "कुठून आनली एवढी माती?"

"वावरातून आली मी," मी म्हणाले, आणि भाकरी थापायला बसले.