रोशनबीचे ससे आणि माझा सहकार

रोशनबीच्या बारा सशांची घरं मी आंघोळीच्या पाण्याखाली जाळली. वाक्य जरा भीषण झालं, पण घडलं ते असंच.

घरं म्हणजे चहाची लाकडी खोकी. एका खोक्यात एक ससा, वर जाळी, जाळीवर वीट. रोशनबी माझी चिंचवडची घरमालकीण. मेकॅनिक नवरा वारल्यावर एकटी राहायची. पुढची खोली तिनं मला भाड्यानं दिली होती. मी शाळामास्तर. पुण्यात तीन भावांच्या एकत्र घरात न्हाणीघराच्या पाळीवरून रोज खटके उडायला लागले, म्हणून इकडे आलो होतो.

पिंपरीच्या नव्या औषधी कारखान्याला तपासणीसाठी ससे लागत. बारा धडधाकट ससे पसंत पडले, की रोशनबीला कायमचं काम मिळणार होतं. नाही पडले, तर चाकणचा दीर इब्राहिम तिला आपल्या घरी नेणार होता. त्या घरात चौदा माणसं. "तितं गेले की माजी चूल गेली, मास्तर," ती म्हणायची.

जावेच्या बाळंतपणाला ती पंधरा दिवस चाकणला गेली आणि ससे माझ्या हवाली केले. त्या दिवसांत सहकाराचं वारं होतं आणि ते माझ्या डोक्यात जरा जास्तच शिरलं होतं. बिचारे एकेकटे का कोंडायचे? मी परसात कुंपण घातलं, सगळे एकत्र सोडले, आणि जुनी व्यवस्था परत येऊ नये म्हणून खोकी बंबात घातली.

पहिला दिवस फार गोड गेला. दुसऱ्या दिवशी दोन नरांनी एकमेकांचे कान फाडले. माद्यांनी भिंतीखाली बिळं पोखरली. त्यातल्या एका बिळातून शेजारच्या सोपानरावांची मेथी संपली. एक ससा शिंकला आणि दोन दिवसांत सगळे शिंकू लागले. पाला रोज फस्त व्हायचा, त्यामुळे एकानं खाणं सोडलंय हे मला तो आडवा पडल्यावरच कळलं.

रोशनबी परतली त्याच दिवशी कारखान्याचा माणूस आला. उरलेले अकरा ससे त्यानं एकेक उचलून पाहिले. "हा चावलेला. ही गाभण. हीही गाभण. बाई, तीन महिन्यांनी आणखी एकदाच येईन."

पोचवायला आलेला इब्राहिम म्हणाला, "झालं ना भाभी? बांधा बोचकं."

"तीन महिन्यानं बांधते," रोशनबी म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला. "मास्तर, खोकी आना. जाळलीत तेवडी."

स्टेशनापासून गावापर्यंतच्या प्रत्येक वाण्याकडे मी हात पसरले. डोक्यावर खोकं घेऊन येताना शाळेची पोरं मला वाट द्यायची. पिलं झाली तशी खोकी वाढली. ससे सगळे पांढरे. घोटाळा नको म्हणून रोशनबी पिलांच्या कानांवर मेंदीचे ठिपके द्यायची. जितव्या खोक्यातली आई, तितके ठिपके. आजारी ससा दिसला की त्याचं खोकं न्हाणीमागे. इब्राहिम दर शुक्रवारी येऊन बोचक्याची चौकशी करायचा. ती त्याला चहा द्यायची आणि पाला आणायला पाठवायची.

तीन महिन्यांनी कारखान्याचा माणूस आला. मेंदी पाहून हसला. "लग्न आहे का यांचं?"

"तेच तर होऊ दिलं न्हाई," रोशनबी म्हणाली.

हसता हसता त्यानं एक कान धरला. "याची आई?"

"दोन ठिपके. दुसरं खोकं."

त्यानं बारा निवडले आणि पुढच्या महिन्याचेही सांगून गेला. इब्राहिमनं त्या दिवशी न सांगता पाला आणला, आणि बोचक्याचं नाव न काढता चाकणची गाडी पकडली.

मला मात्र राहवेना. संध्याकाळी ती जाळ्यांवर विटा ठेवत होती. मी म्हणालो, "रोशनबी, तुमचं खरं. पण जीवच आहेत ते. आपल्या माणसांत राहावंसं वाटत असेल की त्यांना."

शेवटची वीट ठेवून तिनं हात झटकले.

"मग खोली खाली करा, मास्तर, आन् भावांकडं राहायला जावा."