सुटणारा खटका

वसुधाताई कर्णिक माणूस भेटला की आधी त्याचे गुडघे बघायच्या, मग चेहरा. अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात मी नोकरीला लागले, तेव्हा माझ्याशी त्यांचं पहिलं वाक्य होतं, "डावा पाय ओढतेस तू. पडली होतीस का लहानपणी?" मी खरंच पडले होते. सत्त्याण्णव साल होतं. त्या पन्नाशीच्या, मूळच्या पेणच्या, शिडशिडीत बाई. मुलगा शिकायला परदेशी होता, यजमान काही वर्षांपूर्वी गेले होते.

आणि या बाई स्कीइंग करायच्या! आमच्याकडचे डॉक्टर थंडीत इराणला, तेहरानच्या वरच्या डोंगरात जायचे. एकदा त्यांच्याबरोबर गेल्या आणि त्यांना बर्फाचं वेडच लागलं. पण उतरायच्या अगदी सावकाश, लांब वळणं घेत, मध्ये थांबून दरी बघत. तरुण मंडळी बाजूने सूं करून जायची. कुणी चिडवलं की म्हणायच्या, "अरे, एवढे पैसे घालून आलेय. लवकर खाली जाऊन काय करू?"

दुसऱ्या वर्षी घात झाला. स्की भाड्याच्या होत्या. बूट स्कीला धरून ठेवणारा जो खटका असतो, ज्याला बाइंडिंग म्हणतात, तो कुणा दणकट माणसासाठी आवळलेला होता. ताई पडल्या, स्की बर्फात अडकली, पाय पिळला गेला, पण पडल्यावर आपोआप सुटायला हवा तो खटका काही सुटला नाही. गुडघ्याचा लिगामेंट मात्र तुटला.

ऑपरेशन झालं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "वसुधा, स्कीइंग खलास. आता समुद्राकाठी कॉर्निशवर फिरायला जा."

ताई रुग्णांकडून करून घ्यायच्या ते सगळे व्यायाम स्वतः करू लागल्या. रडकुंडीला यायच्या, पण थांबायच्या नाहीत. पुढे खलिफा सिटीत, जिथे तेव्हा घरांपेक्षा वाळू जास्त होती, तिथे संध्याकाळी चालायला लागल्या. वर्ष उलटलं आणि एक दिवस मला म्हणाल्या, "मीना, शुक्रवारी स्की घ्यायला दुबईला येतेस? मला डोंगर चढायचाय. लिफ्टने नाही, स्की घालून स्वतःच्या पायांनी."

दुबईच्या एका दुकानातल्या हैदराबादी विक्रेत्याने सगळ्यात भारी बाइंडिंग काढलं. "ये लो मॅडम. कितनी भी स्पीड में जाओ, छूटेगा नहीं."

"मुझे तो छूटनेवाला चाहिए," ताई म्हणाल्या.

तो गोंधळला. खटक्यावर आकडे असतात. आकडा मोठा, तितकी पकड घट्ट. "सब लोग ऊपर का नंबर पूछते हैं," ताई म्हणाल्या. "आप मुझे नीचे का बताइए. मेरा वजन बावन किलो है. कम से कम कितने पे छूटेगा?" भारी बाइंडिंगचा सगळ्यात खालचा आकडासुद्धा त्यांना जास्त होता. शिवाय ते हातात तोलून मला म्हणाल्या, "चढताना प्रत्येक पावलाला हे ओझं मी उचलायचं होय गं?"

मग त्याने कपाटामागून एक हलकं, नाजूक दिसणारं काढलं. पुढे दोन पिना बूट धरतात, चढताना टाच मोकळी राहते आणि उतरताना मागे अडकवायची. ताईंनी बूट चढवला आणि मला स्की घट्ट धरायला लावून पाय हळूहळू वळवला. खट्! सुटला. चार-पाच वेळा तेच केलं.

"मॅडम, ये तो धीरे चलनेवालों का है," विक्रेता जरा नाराजीनेच म्हणाला.

"फिर सही है. मैं धीरे ही चलती हूँ."

त्यांच्या नादाने जेमतेम स्कीइंग शिकलेली मीही त्या हिवाळ्यात इराणला गेले, खरं तर काळजीपोटी. फरहाद नावाचा वाटाड्या पुढे, मागे आम्ही पाच-सहा जण. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून आम्ही चढत होतो. ताई एकाच लयीत, धापा न टाकता, खिंडीपर्यंत चढल्या. वर पोचल्यावर मला म्हणाल्या, "पाय बघ माझा. कापत नाहीये."

उतरताना बर्फ जड झाला होता. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ताईंची उजवी स्की रुतली आणि त्या आडव्या झाल्या. उजवा पाय, ऑपरेशनचा. मी वरूनच ओरडले. क्षणभर काहीच हललं नाही. मग बर्फातून एक हात वर आला, हातात मोकळी स्की, आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा आवाज आला, "सुटला गं! मीना, वेळेवर सुटला!"

गुडघा दोनदा वाकवून बघितला, हसत उठल्या. पिनांमध्ये बूट बसवायला बराच वेळ गेला. कुणी मदतीला सरसावलं की "थांबा, जमतंय मला" म्हणायच्या. मग तीच लांब, शांत वळणं. खाली फरहादने टोपी काढली. "खानुम, व्हेरी स्लो," तो म्हणाला, "व्हेरी ब्यूटिफुल." आमच्यातल्या दांडग्या सर्जननी टाळ्या वाजवल्या, आणि माझी मान उगाचच ताठ झाली.

दोन हजार चारला ताई निवृत्त होऊन पेणला परतल्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. मी अजून डोंगरात जाते, बहुतेक वेळा सगळ्यांच्या शेवटी पोचते. एवढं निवांत उतरायला कुठे शिकलात, असं कुणी विचारलं, की मी त्यांचं पूर्ण नाव सांगते, आणि समोरच्याला ते नीट उच्चारता येईपर्यंत पुढे सरकत नाही.