आड आलेला हात

नव्या कंप्युटरला अजून खोक्याचा वास येतो. थर्माकोल, प्लॅस्टिक आणि कसलासा गोडसर, डोक्यात जाणारा दर्प. त्याच्यासमोर बसले की आधी माझं नाक मुरडतं आणि मग पारा चढतो. घरातले म्हणतात, किती छान मशीन आहे, आवाज नाही, चटकन सुरू होतं. असेल. जुन्याचा पंखा घरघरायचा, ते सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. पण त्याच्या पोटात मी जे ठेवलं ते त्याने इतकी वर्षं इमानाने सांभाळलं होतं. या गुणी बाळाने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर जे मांडलं, ते बघून मी तशीच चपला घालून रोह्याच्या बाजारपेठेत भांडायला गेले.

माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. लग्न होऊन रोह्याला आले तरी श्रावणात माहेरी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. शाडूचा ओलसर वास, भिंतीशी रचलेले गिऱ्हाइकांचे पाट, पाय ठेवायला जागा नाही असं ते घर. पुढच्या बाजूला काका बसायचे. लोक यायचे, पाट देऊन जायचे, तयार मूर्तीकडे बघत म्हणायचे, डोळे बघावेत तर यांच्या हातचे. काका हसायचे, मान डोलवायचे. आणि ते डोळे जिने काढले ती माझी काकू मागच्या पडवीतून येऊन त्यांच्यासमोर चहा ठेवायची.

डोळ्यांची आखणी काकूच करायची, सगळ्या मूर्तींची. पडवीत जिथे उजेड चांगला, तिथे ती मांडी घालून बसे. हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांना दोऱ्याने बांधून घेई, ओल्या रंगाला लागू नयेत म्हणून. डावा हात मुकुटाला टेकवलेला, उजव्यात बारीक कुंचला. मग ती श्वास रोखून धरायची, आणि आम्हा पोरांचाही तो आपोआप रोखला जायचा. एक वळण, वर एक बारीक रेघ, मध्ये काळा ठिपका, की इतका वेळ मातीचा असलेला तो चेहरा तुमच्याकडे बघायला लागायचा. हे पुढे बसलेल्या गिऱ्हाइकाला कुणी सांगत नसे. विचारतही कोण होतं म्हणा.

माझ्याकडे कॅमेरा आला तेव्हापासून दर श्रावणात मी तिचे फोटो काढत आले. तिचे म्हणजे तिच्या हाताचे. एक डोळा झालेला, दुसरा अजून कोरा, आणि मध्ये तो बांगड्या बांधलेला हात. ती वैतागायची. "हात बाजूला घेते, मंग काढ. देव दिसाला नको काय गो?" तिच्या समाधानासाठी शेवटी एक फोटो पुऱ्या झालेल्या मूर्तीचाही काढायची मी. सगळे जुन्या कंप्युटरवर जात.

आता काका नाहीत. काकूचा हात थरथरतो, कुंचला माझ्या चुलतभावाकडे गेला. कारखान्याच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, काकांचा आहे, दोघांना हार आहेत. या वर्षी मी ठरवलं, तिसरा फोटो काकूच्या हाताचा, आणि तोही तिच्या हयातीतच, तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल असा. तिला सांगितलं तर म्हणाली, "कायतरीच तुझं." पण पुढे फोनवर पाऊसपाण्याचं बोलणं झाल्यावर हळूच विचारलंन, "कुठला लावणार हायेस गो?"

आणि मी या वर्षीच नवं मशीन घेतलं. दुकानदाराला म्हटलं, जुन्यातलं सगळं यात घाला आणि जुनं तुम्हीच घेऊन टाका. पंचेचाळिशीचा, देवभोळा माणूस, त्याच्या घरचा गणपतीही आमच्याच कारखान्यातला. मशीन घरी आलं, मी फोटो उघडले. प्रत्येक मूर्तीचा एकच फोटो, स्वच्छ, पूर्ण, समोरून काढलेला. हात एकाही फोटोत नाही.

दुकानात गेले तेव्हा तो कौतुकाची वाट बघत असल्यासारखा हसला. "वैनी, अर्धवट देवाचे लय फोटो होते. एक डोळा हाय, एक नाय. असे घरात ठेवू नयेत. आणि बाकीच्यांत हात आड आलेला. मी स्वतः बसून एकेक निवडून काढून टाकला. म्हटलं, देवाचं काम हाय." जुनं मशीन पुसून, त्यात दुसरं काहीबाही भरून त्याने एका क्लासला देऊनही टाकलं होतं. तिथून ते मी मागून आणलं, पनवेलला एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं. तिथला म्हणाला, यातून आता काही निघायचं नाही.

त्याने दुष्टपणाने केलं असतं तर मी त्याला चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. त्याने भक्तीने केलं, म्हणून तर माझ्या अंगाची लाही होते. काकांनी आयुष्यभर हेच केलं, गिऱ्हाइकांनी हेच केलं. हात बाजूला करा, देव दिसू द्या. अरे, देव काय आपसूक बघायला लागतो?

काकूला सांगायला पेणला गेले. तिने ऐकून घेतलं. "दरसाल पान्यात जातात गो त्या मूर्ती. मी कदी रडले काय? फोटो गेले तर गेले." मला तिचाही राग आला. या समजूतदारपणावरच तर सगळ्यांचं निभावलं. ती वाती वळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मंग भिंतीवर काय लावणार?"

मी उठले, आखणी बाकी असलेली एक मूर्ती उचलून तिच्यासमोर ठेवली आणि कुंचला हातात दिला. "खराब होल गो," ती म्हणाली. होऊ दे म्हटलं. तिने बांगड्या वर सरकवल्या, दोरा मी बांधला. हात थरथरत होता. रेघ वाकडी गेली, ती पुसून तिने पुन्हा काढली, तीही वाकडी गेली. मी फोटो काढत राहिले, सगळे हललेले आले. त्यांतलाच एक मोठा करून मी भिंतीवर लावला. भाऊ कुरकुरला, पण काकू समोर बसली होती, त्यामुळे त्याने तो काढला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुकानदार आपला गणपती न्यायला कारखान्यात आला. वर बघून म्हणाला, "वैनी, हा फोटो हललाय. आणि हात आड आलाय."

"तुमच्या घरी इतकी वर्षं जे डोळे आले ना, ते या हाताने काढलेत," मी म्हटलं, आणि काकूकडे बोट दाखवलं.

त्याने मूर्तीवर रुमाल टाकला, ती उचलली आणि निघून गेला. राग माझा अजून गेलेला नाही, जाऊही नये. तो गेल्यावर काकूने मात्र भिंतीकडे बघत डोक्यावरचा पदर नीट केला.