पिराजी अण्णांचं नळीतलं आणि पायातलं रक्त

कानडी मुलखातल्या चिकपेटात पिराजी अण्णांनी एकतीस वर्षं गादीवर मांडी घालून रेशमी साड्या विकल्या. गिऱ्हाइकाची पसंती ते पापणीच्या हालचालीवरून ओळखत. पण स्वतःच्या रक्ताचं काही केल्या त्यांना कळेना.

झालं असं, की डावा पाय दुधी भोपळ्यासारखा सुजला. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. बारा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा रक्त तपासून डॉक्टर सुप्रीता म्हणाल्या, "अण्णा, तुमचं शरीर चुकून स्वतःवरच उलटलंय. तुमचं रक्त तपासणीच्या नळीत उशिरा गोठतं, पण अंगात नको तिथं गोठतं. रक्त पातळ ठेवायची गोळी कायम घ्या. पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो, म्हणून ती रोज सारखीच खा. पुन्हा गुठळी होऊन फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल."

"सरी, बरं," म्हणत अण्णा उठले आणि घरापर्यंत विचार करत राहिले. नळीत उशिरा गोठतं म्हणजे रक्त आधीच पातळ. त्यात आणखी पातळ करायचं? मग त्यांनी आपल्या हिशेबानं तोल साधला. गोळी घ्यायची, आणि वर दोन्ही वेळा ताटभर सोप्पु खायचा. पालेभाजी बघून जन्मभर नाक मुरडणारा नवरा मागून मागून खातोय म्हणून अंबूबाई खूश.

महिन्यानं तपासणी झाली. डॉक्टर कागद बघतच राहिल्या. "गोळीचा असर उरलाच नाहीये. काय खाल्लंत?"

अण्णांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्याच दिवशी गुठळी टाळायला पोटात इंजेक्शनं सुरू झाली.

"अगं, पण माझं खरं रक्त कुठलं? नळीतलं की पायातलं?" घरी त्यांनी विचारलं.

अंबूबाई म्हणाल्या, "दुकानातल्या दिव्याखाली निळी दिसणारी साडी उन्हात जांभळी दिसते. म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाला दारात नेता. कशाला?"

"नेसून बाहेरच फिरायचं असतं ना."

"मग? रक्त काय नळीत नेसणार आहात?"

 दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या ताटात एकच वाटी सोप्पु, रोज तीच वाटी. पुढचा रिपोर्ट नेमका हवा तसा आला. डॉक्टर हसल्या. "आता समजलं ना, अण्णा?"

"स्वल्प," अण्णा म्हणाले. "पण डॉक्टर, साडीचा मूळ रंग कोणता?"

डॉक्टरांनी अंबूबाईंकडे पाहिलं. अंबूबाईंनी पिशवीतून गोळीचं पाकीट काढून अण्णांच्या हातावर ठेवलं.