थेंब, टोचणी आणि आमचे नाना

आमच्या घरात एक नियम होता: जावळ निघेपर्यंत बाळाच्या तोंडात बाहेरचं काही घालायचं नाही. का, हे विचारायचं नाही. भावाची छकुली आठ महिन्यांची झाली, तरी पोलिओचा एक थेंब तिच्या पोटात गेला नव्हता! आणि मी, बी.एस्सी. होऊन, राहुरीत कुसुमताईंच्या दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना तेच थेंब पाजत होते. तिथले किस्से कपाटातल्या रिकाम्या बाटल्यांसारखे साठतात, कोणी टाकून देत नाही.

*

देवी टोचून घ्यायची सवय असलेला एक शेतकरी पोराची बाही वर करूनच आत आला. थेंब पाहून हिरमुसला. "टोचत न्हाई, मग लागू कसं व्हनार?"

ताईंनी सांगितलं, टोचायची लसही असते, तिच्यातला जंतू मेलेला असतो. थेंबातला जिवंत, पण दुबळा केलेला.

"जिता हाय? मग तोच द्या. मेलेला काय काम करनार!"

*

एका आजीने, गार औषधाने नातवाला सर्दी होईल म्हणून, बाटली गुपचूप चहाच्या स्टोव्हशेजारी ठेवली. दुष्काळात नगरहून बर्फात घालून एसटीने आणलेली लस! मी भडकले. ताई शांतपणे म्हणाल्या, "आजी, आता औषधालाच ताप आलाय." बाटली फेकली. दुसऱ्या दिवशी मांडीवर थर्मास धरून स्वतः नगरहून नवी घेऊन आल्या.

*

एका बापाने विचारलं, ह्याने काही होणार नाही ना? ताई म्हणाल्या, फार क्वचित ह्या थेंबांनीच एखाद्याचा पाय लुळा पडतो. तो पोराला उचलून निघून गेला. मी वैतागले, सांगितलंत कशाला?

"उद्या त्याला दुसऱ्याकडून कळलं, तर तो माझं काहीच ऐकणार नाही."

संध्याकाळी तो परत आला. धाकट्यालाही घेऊन!

*

मग आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या पोराला ताप आला आणि त्याचा डावा पाय गेला. त्याच दिवशी मी बर्फातली बाटली घरी आणली. वडील, म्हणजे नाना, आणि आत्याबाई दारातच उभे. आधी जावळ, म्हणाले. मी धोकाही सांगून टाकला, ताईंसारखा.

नाना म्हणाले, "तूच म्हणतेस धोका आहे. मग मोठ्यांचं ऐक."

"नाही ऐकणार. थेंबांचा धोका लाखांत एखाद्याला. न पाजण्याचा धोका चार घरं सोडून खाटेवर पडलाय. जावळ तुम्ही हवं तेव्हा काढा, नाना. पाय परत कोण आणणार?"

आत्याबाईंनी नानांकडे पाहिलं. मी दोघांमधून आत जाऊन बसले.

वहिनी आतून आली आणि छकुलीला माझ्या मांडीवर ठेवून तिने तिचे गाल दाबून धरले.