चाळीस जणींना विचारलेला प्रश्न

आमच्या लाईनच्या सुपरवायझरबाईंना आम्ही माघारी फौजदारीण म्हणायचो. समोर अर्थातच बाई. चाळीस मशीनांच्या मधल्या वाटेने त्या दिवसभर चकरा मारायच्या, आणि कुणाची मान वर दिसली की त्यांची भुवई वर जायची. हसायचे वेगळे पैसे पडतात बहुतेक, असं मी म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या आईचं मत सगळ्या लाईनला मान्य होतं.

शर्टाच्या कारखान्यात अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही. एकीने कॉलर लावायची, मी बाह्या जोडायच्या, पुढचीने कफ, असं शेवटच्या बटणापर्यंत. मधलं एक मशीन बंद पडलं की पुढच्या सगळ्या हातावर हात ठेवून बसतात आणि मागे ढीग साचतो. म्हणून लाईन थांबवणं हा आमच्याकडे गुन्हाच. बावीस वर्षांत आपण ती एकदाही थांबू दिली नाही, असं बाई सांगायच्या, आणि ते खरं होतं. दाढ ठणकत असताना गाल धरून त्यांनी पाळी पुरी केलेली मी पाहिली आहे. नवरा लवकर गेला, मुलगा बोटीवर कामाला, त्याच्या फोनचा नेम नाही. घरी त्या आणि त्यांची नणंद. नणंदेला ऐकू कमी, त्यामुळे बाई घरी कारखान्यापेक्षा मोठ्याने बोलायच्या. एवढं ओरडूनही घरात कुणाशी बोलणं म्हणून होत नाही, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी ते तेव्हा कानाआड केलं.

माझ्या मागच्या मशीनवर कॉलरवाली बसायची. हात सुरेख, पण मन थाऱ्यावर नसायचं. तिचे शर्ट तपासणीतून परत यायचे. आपली चूक आपणच उसवायची आणि आपणच पुन्हा शिवायची, असा नियम आहे. त्या परत आलेल्या शर्टांची पिशवी प्रत्येकीच्या मशीनला टांगलेली असते. हिची कायम फुगलेली. बाई येता-जाता त्यावरून टोमणे मारायच्या. मग एका आठवड्यात ती जेवणाच्या सुटीतही मशीनवरून उठेना, आणि शुक्रवारी तिची पिशवी रिकामी झाली. त्याच दिवशी तिने आपली कात्री शेजारणीला देऊन टाकली. त्या कात्रीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. आमच्याकडे नोकरी सोडून जाणारी बाई कात्री मागे ठेवून जाते, म्हणून आम्हाला वाटलं, हिला दुसरीकडे चांगलं काम मिळालं. चेहराही कधी नव्हे इतका शांत. मी तर पार्टी मागितली. ती हसली.

बाई खूश झाल्या. असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. त्यांनी ती रिकामी पिशवी उलटी करून सगळ्या लाईनला दाखवली.

"बघा, हिच्या मागे आता काही उरलं नाही," त्या म्हणाल्या. "सुटलीस गं बाई. जा आता खुशाल."

सोमवारी ती आली नाही. बाईंनी चिडून गैरहजेरी मांडली आणि तिच्या जागी दुसरी बसवली. दुपारी तिचा भाऊ फाटकाशी येऊन उभा राहिला. शनिवारीच तिने जीव दिला होता.

त्या दिवशीही लाईन थांबली नाही. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

तीन महिन्यांनी कारखान्याने एक प्रशिक्षण ठेवलं. कामावरचं कुणी जीव द्यायच्या विचारात असेल तर ते ओळखायचं कसं आणि त्याला थांबवायचं कसं, हे शिकवणारं. आमच्या लाईनमधून बाई गेल्या आणि त्यांच्यासोबत मी. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती, पण तिला बोलताना कागद लागत नव्हता. आवडती वस्तू देऊन टाकणं, अडलेली कामं एकदम उरकणं, बऱ्याच दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणं, असं काही दिसलं तर थांबा, ती म्हणाली. बाईंचं पेन तिथेच अडलं. सरळ विचारा, असंही तिने सांगितलं. विचारल्याने नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मग गप्प बसून ऐका, एकटं सोडू नका, डॉक्टरांपर्यंत घेऊन जा.

शेवटी बाईंनी एकच शंका काढली. एखाद्याच्या एका वाक्याने माणूस मरतं का?  ती मुलगी म्हणाली, एका वाक्याने, एका कारणाने कुणी जात नाही, त्यामागे बरंच काही साचलेलं असतं. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. पण ते त्यांच्या मनात उतरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई लाईनला प्रश्न विचारत फिरू लागल्या. सुपरवायझरच त्या, त्यांनी त्याचंही टार्गेट केलं. सकाळी दहा मशीनं, दुपारी दहा, दोन दिवसांत लाईन पुरी. हातात यादी, मशीनांच्या घरघरीत उभ्या उभ्या कानाशी वाकून विचारायच्या, "जीव द्यावासा वाटतो का?" आम्ही सुईवरची नजर न काढता "नाही बाई" म्हणायचो, त्या खूण करून पुढच्या मशीनकडे वळायच्या. खरं वाटत असतं तरी कोण सांगणार होतं, पुढे नग अडलेला असताना? फौजदारीण आता यमाच्या कचेरीत लागली, हा विनोद माझाच. आठवडाभर चालला.

मग बाईंचं ओरडणं बंद झालं. वाकडी शिवण बघून त्या नुसत्या पुढे जायच्या. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. उतारवय, असं आम्ही म्हणालो. मग एका सकाळी त्या माझ्या मशीनशी आल्या आणि एक घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. नणंदेच्या गोळ्यांच्या वेळा, तिच्या डॉक्टरांचा पत्ता, मुलाच्या बोटीच्या कंपनीचा फोन, सगळं सुवाच्य अक्षरात. तू जवळच राहतेस, असू दे तुझ्याकडे, एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

 हात सवयीने पुढची बाही जोडत राहिले, आणि ती उलटी जोडली गेली. मग मी बटण दाबून मशीन बंद केलं. थोड्या वेळात कफवाली थांबली, तिच्या पुढची थांबली, आणि एकेक करत शेवटच्या बटणवालीपर्यंत सगळी मशीनं गप्प झाली. मी बाईंचा हात धरून त्यांना कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवलं आणि शेजारी बसले.

"बाई, जीव द्यावासा वाटतोय का?"

त्यांनी आधी दिवसाचे नग मांडायच्या फळ्याकडे पाहिलं. "लाईन थांबलीय," त्या म्हणाल्या.

"थांबू दे."

मी गप्प राहिले. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसले नव्हते.

"हो," बाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "चाळीस जणींना विचारलं मी. वाटायचं, एखादी तरी म्हणेल, आणि बाई, तुम्हाला?"

त्या रडल्या, मीही रडले. त्या चाळीस जणींत मी होते, आणि मी विनोद करत होते.

त्यांना मी त्या दिवशी एकटं सोडलं नाही. आधी डॉक्टरांकडे नेलं, मग घरी. नणंदेला सांगणं भाग होतं, आणि तिला हळू सांगून भागत नाही. मी ओरडून सांगितलं, जिन्यातली दारं उघडली. मी ओशाळले. ऐकू देत, बाई म्हणाल्या. नणंद उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

याला दीड वर्ष झालं. बाईंचं औषध चालू आहे, मुलगा मध्ये दोन महिने राहून गेला. कॉलरवाली गेली ती गेलीच, आणि ते वाक्य बाईंना अजून झोपेतून उठवतं. मी रोज सुटीत त्यांना तोच प्रश्न विचारते. बहुतेक दिवशी त्या नाही म्हणतात. काही दिवशी उत्तर देत नाहीत, त्या दिवशी मी त्यांच्याकडे मुक्कामाला जाते.